कोरडं मैदान

"दाजी, आज मैदानावर पाणी मारू नका, एवढंच मागतोय," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. दिवसभर गोदीत पोती उचलायची आणि उरलेला जीव फुटबॉलवर ओवाळून टाकायचा. उद्या त्यांचा अंतिम सामना होता, साहेबांच्या क्लबाशी. आणि आमचे हे त्याच क्लबात माळी.

राज्य साहेबाचं, मैदान साहेबाचं, पंचही साहेबच. आमची माणसं अनवाणी खेळायची. कोरड्या जमिनीवर त्यांना आवरणं मुश्कील, पण ओल्या गवतावर पाय ठरत नसे. साहेबांच्या बुटांना खालून खिळे, त्यांना ओल्याचं काय? म्हणून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हुकूम यायचा, मैदान भिजव. आजही आला होता.

"तुझं काय जातंय सांगायला?" मी भावावर उखडले. "ह्यांची नोकरी गेली की ही खोलीही गेली. मग तुझा कप उशाला घेऊन झोपू का?"

"ताई, एकदा तरी बरोबरीनं खेळू दे की."

हे जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पाण्याचा पाइप खुंटीवरच राहिला. मला राग आला आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच टप्प्याला चेंडू उसळून एका साहेबाच्या डोक्यावरून गेला. कडेला बसलेल्या क्लबाच्या सेक्रेटरीनं वाकून जमिनीला हात लावला, मग ह्यांच्याकडे पाहिलं. पुढचा सामना मी पाहिलाच नाही, सेक्रेटरीचं तोंडच बघत राहिले. आरडाओरडा झाला तेव्हा कळलं, आपण जिंकलो.

सेक्रेटरीनं आमच्या सगळ्या खेळाडूंशी हसून हात मिळवला. मग ह्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "किल्ल्या दे. उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी पाहिजे." हे "जी साहेब" म्हणाले.

तोवर लोक कुंपण ओलांडून आत घुसले होते. धाकटा कुणाच्या तरी खांद्यावर होता. "दाजींनाही उचला रे," तो वरून ओरडत होता. हे गर्दीत धावले.

"बाहेर व्हा. नाचायचं तर रस्त्यावर नाचा. गवत मरतंय माझं."

सगळे हसले. "माळीबुवा, तुमचं कुठलं, साहेबाचं गवत ते."

धाकटा मात्र ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. खाली उतरला आणि एकेकाला हाताला धरून बाहेर काढू लागला.

दोघांनाही चार शब्द सुनवायचे म्हणून मी आत गेले. हे उकिडवे बसून उखडलेली ढेकळं जागच्या जागी बसवत होते. पदर खोचून मी शेजारी बसले आणि एक ढेकूळ उचललं.

"आता हे कोणासाठी करायचं?" मी विचारलं.

"नीट दाब," हे म्हणाले. "मुळं खाली गेली पाहिजेत."