काच पुसणारा दुपट्टा

सन दोन हजार चोवीस. मार्गशीर्ष संपत आला होता. थंडीचे दिवस, आणि त्यात अवकाळी पाऊस लागलेला.

मी दुपट्टा बोलतोय. बायकांचा नव्हे. आमच्या वर्धेकडे गडीमाणूस खांद्यावर टाकतो तो. पांढरा, सुती, लाल काठाचा. जास्त बोलायची मला सवय नाही. झालं तेवढं सांगतो.

माझा जन्म कापसाचा. काळ्या जमिनीत उगवलो, वेचणाऱ्या बायांच्या ओटीत पडलो. जिनिंगमध्ये सरकी निघाली, मग सूत झालं, मग मागावर चढलो. कोणत्या गावी विणला गेलो ते ठाऊक नाही. गठ्ठ्यात बांधलेला होतो, वाट दिसली नाही. उजेड पाहिला तो सिंदी रेल्वे या गावच्या बाजारात, कापडाच्या दुकानात.

तिथून अण्णाजींनी मला घेतलं. घेताना दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "पहिल्या धुण्यात विरला तर इथंच आणून टाकीन." मी विरलो नाही.

अण्णाजी कापसाचे व्यापारी. मोठे नव्हेत. व्हॅन घेऊन गावोगाव जायचं, लोकांनी घरात साठवलेला थोडा थोडा कापूस गाठोड्यांत भरायचा आणि सिंदीला आणून जिनिंगला द्यायचा. कापूस घेण्याआधी ते तो मुठीत दाबत. मूठ उघडल्यावर फुलून वर आला तर कोरडा, दबून बसला तर ओला. त्या मुठीवर जिनिंगवाल्यांचाही भरवसा होता.

माझं काम साधं. उन्हात डोक्यावर, थंडीत कानांवर, जेवल्यावर हाताला, एरवी खांद्यावर. माणसं दुपट्ट्याला जपत नाहीत. पण तो खांद्यावर नसला की चारचौघांत त्यांचा हात उगाच खांद्याकडे जातो. हे मी पाहिलं आहे.

हिंगणीचे रूपराव या मुठीपायीच दुरावले. एका हंगामात अण्णाजींनी त्यांचा कापूस दाबून पाहिला आणि लोकांसमोर म्हणाले, "रूपराव, वजनासाठी पाणी मारलं यात."

रूपराव ताडकन उठले. "मी पाणी मारीन? माह्यं छत गळते, अण्णाजी. इमान नाई गळत."

गाठोडी उचलून त्यांनी घरात नेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. खरं कोणाचं, ते मी सांगणार नाही. कापूस ओला होता, एवढं खरं.

मग दोन हजार एकवीसचा चैत्र आला. त्या साली कोणाला ताप आला की शेजारी दारं लावून घ्यायचे. अण्णाजींची बायको, विमलाबाई, तापातच गेल्या. दवाखान्यात जागा मिळाली नाही, घरीच गेल्या.

तिरडीला चार खांदे लागतात. अण्णाजी होते, मुलगा अंकुश होता. लेक मोहिनी पदर खोचून उभी राहिली, तिला कोणी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही कोणी नव्हतं. चौथा खांदा मिळेना. समोरच्या घरातले बबनराव खिडकीच्या फटीतून पाहत होते. अण्णाजींनी त्यांना हाक मारली नाही. मानी माणूस.

ऊन चढलं. तेव्हा मोटारसायकलवर रूपराव आले. कोणी बोलावलं नव्हतं. तोंडाला रुमाल होता, डोळे तेवढे दिसत होते. कोणाशी काही न बोलता ते वाकले आणि मोकळा बांबू उचलला. सगळं झाल्यावर तसेच गाडीवर बसून निघून गेले. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

आमच्याकडे खांद्याचं ऋण राहतं. ज्यानं आपल्या माणसाला खांदा दिला, त्याच्या घरी वेळ आली की आपण जायचं. ते पैशानं फिटत नाही. दुसऱ्याला पाठवूनही फिटत नाही. अण्णाजी हे कधी बोलून दाखवत नसत, पण हिंगणीचं नाव निघालं की गप्प होत. एवढं होऊनही त्या दोघांचं बोलणं सुरू झालं नाही. दोघंही तसलेच.

मी त्या दिवशी अण्णाजींबरोबर स्मशानात होतो. तिथं गेलेलं कापड घरात घेऊ नये, असं कोणी तरी म्हणालं. अण्णाजींनी मला व्हॅनमध्ये ठेवून दिलं. फेकलं नाही आणि पुन्हा खांद्यावरही घेतलं नाही.

असा मी फडकं झालो. अंकुश माझ्यानं सांडलेला चहा पुसतो, ऑइलची कांडी पुसतो. थंडीत सकाळी समोरची काच पुसतो. काचेच्या बाहेरचं दव मी एका हातात काढतो. आतली वाफ मात्र पुसली की पुन्हा येते. माणसं शिव्या मला देतात.

आता त्या सकाळचं सांगतो.

आदल्या दिवशी भुरभुर पावसात घाईघाईनं कापूस भरला होता. शेड गळत होती, म्हणून गाठोडी रात्रभर व्हॅनमध्येच राहिली. सकाळी अण्णाजी व्हॅनचं मागचं दार उघडून उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. रूपरावांची मुलगी सुरभी बोलत होती.

"काका, बाबा गेले. रात्री झोपेतच गेले."

अण्णाजींनी व्हॅनचं मागचं दार लावून टाकलं.

"पाऊस वाढाच्या आत मयत काढून राह्यले. लाकडं भिजून राह्यली ना. तुम्ही येता का? कोणी थांबाले तयार नाई, पण सांगून पाहीन मी त्यायले."

"कोणाले थांबवू नको," अण्णाजी म्हणाले. "मी येऊन राह्यलो."

फोन खिशात घालून ते पुढच्या सीटवर बसले. अंकुशनं विचारलं, "गाठोडे उतरवू का बाबा?"

"कुठी उतरवतं? शेड गळून राह्यली. राहू दे. चाल."

व्हॅन निघणार तेवढ्यात बबनराव छत्री घेऊन आले. "मीबी येतो मातीले. रूपराव ओळखीचा होता माह्या." अण्णाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "बस," एवढंच म्हणाले. बबनराव मागे गाठोड्यांच्या मध्ये अंग चोरून बसले.

अण्णाजींना खोकला होता. त्यांनी कानटोपी ओढली आणि सगळ्या काचा वर करायला लावल्या. बाहेर धुवारी, म्हणजे दाट धुकं, अशी उतरली होती की सेलूच्या रस्त्यावरची झाडं जवळ आल्यावरच दिसत. आत तीन माणसांचे श्वास आणि मागे कापूस. गाव सुटत नाही तोच समोरची काच पांढरी झाली.

अंकुशनं मला उचललं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात मी. पुसलं, रस्ता दिसला. चार झाडं गेली की पुन्हा पांढरं.

"हळू काऊन चालवून राह्यला रे?"

"दिसून नाई राह्यलं बाबा."

"मंग पुस."

"पुसूनच राह्यलो ना!"

"वायपर लाव."

"वायपर बाहेरून आहे. पाणी आतून आहे."

"पंखा लाव काचेवरचा."

"त्याच्यात उंदरानं घर केलं. दिवाळीतच सांगतलं होतं तुमाले."

"उंदराले काढाचं सोडून मले कायले सांगतं?"

सेलू मागे पडलं तेव्हा मी पूर्ण भिजलो होतो. भिजलेलं फडकं पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतं. अण्णाजी पुनःपुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्या अंधुक उजेडात त्यांना तेही डोळ्यांजवळ न्यावं लागत होतं.

मागून बबनराव म्हणाले, "तंबाखू घासा. ट्रकवाले घासते. पाण्याचा थेंब थांबत नाई."

"ते बाहेरून घासते काका," अंकुश म्हणाला.

"मंग आतून घासलं तर काच काय रागावते का?"

बबनरावांनी पुडी सोडली, चिमूटभर तंबाखू माझ्यात गुंडाळला आणि सीटांच्या मधून पुढे येऊन काचेवर जोरानं फिरवला. मी आजवर पुष्कळ काही पुसलं आहे, पण अशी बेइज्जती झाली नव्हती. काचेवर पिवळा पट्टा उमटला. त्यातून काहीच दिसेना.

"आता झालं समाधान?" अण्णाजी म्हणाले.

तेवढ्यात अंकुश ओरडला आणि त्यानं ब्रेक दाबला. रस्त्यावर कापसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. व्हॅन घसरत कडेच्या काळ्या चिखलात उतरली आणि तिरकी थांबली. ट्रॉली हातभर अंतरावर राहिली होती.

मागची गाठोडी पुढे आली होती. एक अण्णाजींच्या मानेवर रेलत होतं. त्यांनी ते मागे ढकललं, आणि हात तिथंच थांबला. गाठोड्याच्या तोंडातून थोडा कापूस त्यांनी मुठीत घेतला. दाबला. मूठ उघडली.

कापूस दबून बसलेला होता.

"ओला आहे," ते म्हणाले. मग समोरच्या काचेकडे पाहत राहिले. पाण्याचे ओघळ तंबाखूचा पट्टा धुऊन नेत तिच्यावरून उतरत होते. "काचेवर हाच चढून राह्यला. मीच भरला काल. उतरव."

"पावसात?" अंकुश म्हणाला. "बाबा, सारा काळा पडन. जिनिंगवाला हात नाई लावणार. हंगाम जाईन आपला."

"उतरव म्हटलं ना!"

अंकुशनं गाठोडी एकेक करून कडेच्या बाभळीखाली ठेवली. पांढरा कापूस पावसात ठेवताना व्यापाऱ्याच्या पोराचा हात कसा होतो, ते मी काचेतून नाही, उघड्या दारातून पाहिलं.

बबनराव खाली उतरून छत्री धरून उभे होते. "तुम्ही जा अण्णाजी. मी बसतो इथी कापसापाशी. येता येता घेऊन जाजा मले."

अण्णाजींनी मान वळवली. "त्या दिवशीबी तू घरच राखत होता, बबन."

बबनरावांनी खाली पाहिलं. मग उघडी छत्री गाठोड्यांवर टेकवून ठेवली आणि भिजत येऊन व्हॅनमध्ये बसले.

"काचा खाली घे," अण्णाजी म्हणाले.

"तुमचा खोकला..."

"घे."

हलकी झालेली व्हॅन चिखलातून रस्त्यावर आली आणि गार वारा आत शिरला. अण्णाजी खोकत राहिले, अंग गोळा करून. आणि समोरची काच कडेकडून उघडत गेली. मी तिला हातही लावला नाही. आधी बोनट दिसलं, मग डांबर, मग लांबवर बोरच्या जंगलाची काळी रेघ.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. गारठ्यात काच आतून धुरकटली तर बाहेरच्या धुक्याला आणि हातातल्या फडक्याला बोल लावू नका. ओल तुम्हीच आत घेऊन बसलेले असता. ती बाहेर काढा आणि खिडकी थोडी उघडा. थंडी लागेल. लागू द्या. रस्ता तरी दिसेल.

मी अजून त्याच व्हॅनमध्ये आहे. तंबाखूचा डाग गेला नाही. काठ सुटला आहे. पुढच्या थंडीपर्यंत टिकेन असं वाटत नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही.

त्या सकाळी व्हॅन हिंगणीला पोहोचली तेव्हा रूपरावांच्या घरासमोर गडीमाणूस नव्हता. अंगणात विझत आलेल्या गोवऱ्या होत्या, ओसरीत बाया. एका म्हातारीनं हातानंच पुढची वाट दाखवली.

अंकुशनं व्हॅन दामटली. गावाबाहेर विसाव्यापाशी लोक दिसले. तिरडी खाली टेकवून झाली होती. आता पुन्हा उचलत होते. यापुढे ती थेट सरणावरच जाणार. पुढे सुरभी होती. रूपरावांना मुलगा नाही. विस्तवाचं मडकं तिनंच धरलं होतं.

अण्णाजींनी चालत्या व्हॅनचं दार उघडलं. जोडे आतच काढले. सवयीनं हात माझ्याकडे आला, पण तंबाखूचा पिवळा डाग पाहून मागे गेला. मला काचेखाली ठेवून ते तसेच अनवाणी चिखलात उतरले.

त्यांना पळता येत नव्हतं. तरी ते पळाले. मध्येच खोकल्यानं वाकले, पुन्हा सरळ झाले. बबनराव त्यांच्यामागे गेले.

मागच्या बांबूपाशी एक तरुण होता. त्यानं विचारलं, "कोण जी तुम्ही?"

अण्णाजींना दम लागला होता.

सुरभीनं मागे वळून पाहिलं. तिनं त्यांना ओळखलं. "सरक दादा," ती त्या तरुणाला म्हणाली. "सिंदीचे काका आहेत. बाबांनी यायच्याच घरी खांदा दिला होता."

तरुण बाजूला झाला.

काच स्वच्छ होती. मला सगळं दिसत होतं. अण्णाजींनी कानटोपी काढून खिशात घातली. वाकून बांबूखाली शिरले. उजवा खांदा लावला आणि उचललं. स्मशानापर्यंत त्यांनी तो कोणाला बदलू दिला नाही.

ऋण फिटलं.