सैल दोर

सौदीत, तबूक शहराच्या बाहेर, बटाट्याच्या शेतांमध्ये एक धावपट्टी आहे. तिची राखण मी एकटा करतो. विमान एकच, फवारणीचं, आणि ते चालवणारा हम्माद. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीला हसत तो रोज चहाला बसायचा. बोलायला मला तेवढाच एक माणूस होता.

मी दापोलीकडचा, होड्यांच्या घरातला. होडी बांधताना दोर सैल सोडायचा, नाहीतर भरती चढली की तुटतो. विमानाचा मात्र ताठ लागतो. हम्मादने हे मला दहादा सांगितलं, मी दहादा मान हलवली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

मार्चमध्ये भर दुपारी धुळीचं वादळ आलं. हम्माद वेळेत उतरला होता, चांगला अर्धा तास हाती होता. पंखांचे दोर मी बांधले आणि घाईत हात घरच्या सवयीने चालले. तो सामान काढायला आत चढला, तेवढ्यात वाऱ्याने विमान वीतभर उचललं. हिसका बसून दोर तुटला, विमान उलटं झालं. हम्मादचा खांदा मोडला.

चौकशीच्या साहेबाने लिहायला घेतलं: वैमानिक उशिरा उतरला, बांधायला वेळ उरला नाही. म्हणजे हम्मादचं लायसन्स जाणार. "मी वेळेत आलो," असं हम्माद सांगत होता, पण ते पाहिलेला एकटा मीच. आणि मला कोणी विचारलंच नाही.

घरी फोन केला. बायको, कुबरा, म्हणाली, "तुम्ही गप्प राहा. इकाम्याचा परवाना रद्द करून घरी धाडलं तर आपल्या इफराच्या कॉलेजचं काय? विमान वाऱ्याने उलटवलं, वाऱ्याला कोण धरून नेणार आहे?"

तिचं काही चूक नव्हतं. मी दोन दिवस गप्प बसलो आणि मला स्वतःचीच किळस आली. तिसऱ्या दिवशी साहेबासमोर गेलो, दोर कसा बांधला होता ते बांधून दाखवलं.

हम्माद तिथेच होता, हात गळ्यात अडकवून. "दहा वेळा सांगितलं होतं," एवढंच बोलला.

त्याचं लायसन्स वाचलं. माझी नोकरीही राहिली, इथे यायला दुसरा कोण तयार आहे? आता हम्माद येतो, सलाम करतो, नव्या विमानाचे दोर स्वतः बांधतो आणि गाडीत बसून जातो. सुरुवातीला मी चहाचं विचारलं. "खलास, नको," म्हणाला.

परवा कुबरा फोनवर म्हणाली, "आवाज बसलाय तुमचा. सर्दी झाली काय?"

सर्दी नव्हती. तीन दिवसांत मी तोंडच उघडलं नव्हतं.