मागे लागलेला खंड्या

घड्याळजींच्या मागे एक खंड्या लागला, ही गोष्ट शपथेवर सांगितली तरी कुणाला पटायची नाही. ते स्वतःच फोनवर म्हणाले, "अगं, तुझा विश्वास बसणार नाही, पण इथेही तोच!"

बायकोने शिलाई मशीन थांबवलं. छातीच्या दुखण्यातून उठून नवरा पक्ष्यांचे फोटो काढत एकटाच फिरायला निघाला, तेव्हा तिने एकच अट घातली होती: रोज एक ताजा फोटो मोबाइलवरच्या डायरीत चढवायचा. खंड पडला की समजायचं, तब्येत बिघडली. मग धाकटा दीर गाडी घेऊन आणायला निघणार.

खंड काही पडला नाही. पण रोज पदरात पडला तो खंड्याच! परवा तळ्याकाठी, काल घाटमाथ्यावर, आज बंदरात. तीच निळी पाठ, मानही तशीच वाकडी.

"अहो, दुसरा असेल. निळा दिसला म्हणजे तोच का?"

"छे! ओळखतो मला. बसच्या टपावर बसून आला. कंडक्टर त्याचंही तिकीट मागत होता!"

ती हसली आणि हसता हसता गोंधळली. थाप म्हणावी, तर फोटो समोर. खरं मानावं, तर पक्षी कधी बसने फिरतो?

"घाटात थंडी होती का हो?"

"थंडी? अं... होती ना. बिचारा माझ्या मफलरमध्ये झोपला."

"आणि तुमचा आवाज का बसलाय?"

"त्याच्याशी गप्पा मारून."

प्रत्येक उत्तराला तिच्या डोक्यातला गुंता वाढत होता. शेजारी चहा पीत बसलेला दीर म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. दादा थापा मारतोय म्हणजे श्वास नीट चाललाय."

तिला मात्र ते पटेना. तिने डायरीतले तिन्ही फोटो मोठे केले आणि बाहीला बाही लावून बघावी तसे एकापुढे एक ताडून पाहिले. जुळत होते. नको तितके जुळत होते.

"बोल की," तिकडून घड्याळजी म्हणाले. "बसला ना विश्वास?"

"अहो, तळ्यात पकडलेला मासा घाट चढून बंदरापर्यंत चोचीतच? मेल्याने अजून गिळला कसा नाही? थापा पुरे. कुठल्या गावात पडून आहात, ते सांगा आधी!"