काळेवाडीतला बर्फाचा घाट

मित्रांनो, माझ्या अंगावर या घरातल्या पूनमच्या जुन्या साडीचा तुकडा टाकलेला आहे, त्यामुळे पटकन ओळख पटायची नाही. टेबलाशेजारी उभा असलेला काळा, चौकोनी, एका कोपऱ्यात जरासा चेपलेला डबा, तो मी. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात, घरचे सीपीयू म्हणतात आणि आमचे घरमालक आबाजी मला 'ते खोकं' म्हणतात. खरं तर मी एक वय झालेला संगणक आहे. पण माझ्या वयावरून दुसरं कुणी बोललं की मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म निगडीतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. आमच्यासारख्यांचा जन्म म्हणजे जोडणी. एकेक भाग पुठ्ठ्यातून निघतो, स्क्रू आवळले जातात, वायरी ओढल्या जातात आणि कुणीतरी बटण दाबलं की आपण आहोत हे आपल्याला कळतं. माझ्यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे ग्राफिक कार्ड. त्याला मी माझा चित्रकार म्हणतो. खेळ सुरू झाला की पडद्यावर डोंगर, ढग, रस्ते दिसतात ना, ते सगळं तो रंगवतो. आणि इतकं भरभर रंगवतो की तुम्हाला चित्रं दिसतच नाहीत, तुम्ही सरळ त्या जगातच जाता. माझ्या पोटात आणखी एक बारका चित्रकार पहिल्यापासून आहे. पत्र टाईप करायला, फोटो बघायला तो पुरतो. डोंगर मात्र त्याला झेपत नाहीत. हे दोन चित्रकार ध्यानात ठेवा, त्यांच्यावरूनच पुढे सगळं रामायण घडलं.

प्राधिकरणातल्या एका बंगल्यात रविराज नावाच्या कॉलेजातल्या मुलानं मला नेलं. काय दिवस होते ते. त्याचे मित्र माझ्याभोवती दाटीवाटीनं बसायचे आणि म्हणायचे, "काय पळतंय राव मशीन." मी फुगून जायचो. पुढे रविराज शिकायला परगावी गेला, जाताना नवा लॅपटॉप घेऊन गेला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे जुन्या गाद्या होत्या, अंधार होता. वीज नसली की संगणक गाढ झोपतो, असं तुम्हाला वाटत असेल. मला तरी तिथे रस्ते दिसायचे. कधीकाळी रंगवलेले, लांबच लांब, कडेला तळं, तळ्यावर धुकं, आणि गाडी चालवायला कुणीच नाही. त्या रस्त्यांवरून मी एकटाच किती हिंडलो असेन. वर्षं गेली की काय, तेही कळलं नाही.

मग एक दिवस कुलदीपनं मला खाली काढलं. कुलदीपची आई त्या बंगल्यात स्वयंपाकाला जायची. घरच्या बाई म्हणाल्या, घेऊन जा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कुलदीपनं मला स्कूटरवर पायांत ठेवलं आणि आम्ही काळेवाडीला निघालो. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खरा रस्ता पाहिला. त्यात तळं नव्हतं, धुकं नव्हतं आणि खड्डे भरपूर होते. पण वर आभाळ केवढं मोठं होतं. माझ्या चित्रकारानं एवढं मोठं आभाळ कधीच रंगवलं नव्हतं, आणि त्याला ते थोडं लागलं, असं मला वाटतं.

कुलदीपनं मला नेलं त्याच्या मित्राकडे, ज्योतीरामकडे. ज्योतीराम महाळुंग्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, म्हणजे मालाच्या थप्प्यांच्या थप्प्या उचलून ट्रकात ठेवणारी गाडी. मूळचा धाराशिवकडचा माणूस. बायको पूनमबरोबर आबाजींच्या माडीवर भाड्यानं राहायचा. उन्हाळ्यात माल उतरवताना त्याचा उजवा हात थप्पी आणि खांबाच्या मध्ये सापडला. बोटं वाचली, पण आखडली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, मऊ चेंडू दाबत राहा. कंपनीनं सांगितलं, दिवाळी झाली की गाडीवर बसवून बघू. जमलं तर गाडी तुझी, नाही तर गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांना पास द्यायचं काम. गेटचं काम काही वाईट नाही, पण ज्योतीरामचा सगळा जीव त्या गाडीत होता. आणि चेंडू दाबायचा तर त्याला वीट आला होता.

कुलदीपनं माझ्यात मालट्रक चालवायचा एक खेळ घातला आणि म्हणाला, "भावा, चेंडू राहू दे. ह्यो ट्रक चालव. आपोआप बोटं हलतील."

मग सुरू झाला आमचा प्रवास. खेळातला देश थंडीचा होता. बर्फाचा घाट, घाटाखाली निळं तळं, लांबवर दिवे लागलेला पूल. ज्योतीराम उजव्या हाताची तीन बोटं बाणांच्या बटणांवर ठेवायचा आणि ओठ दाबून एकेक बोट उचलायचा. पहिल्यांदा ट्रक सारखा दरीत जायचा. मी मुकाट्यानं पुन्हा रस्ता मांडायचो. श्रावण संपता संपता तो पहिलं वळण पार करायला लागला, गणपतीत दुसरं. बोटं मोकळी होत होती. खाली काळेवाडीचे रिक्षावाले हॉर्न वाजवत असायचे आणि वर आमच्या खोलीत निवांत बर्फ पडत असायचा.

आबाजी रोज वर येऊन माझ्या पाठीशी बसायचे. पावसाळ्यात त्यांचे हात दुखतात. माझा चित्रकार कामाला लागला की तापतो आणि मागच्या जाळीतून गरम वारं सोडतो. त्यावर तळवे शेकत ते पडद्याकडे बघायचे.

"ह्या गावाला मान्सं न्हाईत व्हय रं?" त्यांनी एकदा विचारलं.

"हायत की आबाजी," ज्योतीराम म्हणाला. "थंडीमुळं घरात बसलीत."

"मंग शानी हायत," आबाजी म्हणाले.

असं छान चाललं होतं. आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे कंपन्यांत यंत्रं धुतात, पुसतात, हळदकुंकू लावून झेंडूचे हार घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दर वर्षी ज्योतीराम आपली गाडी अशी चकाचक करायचा. यंदा त्याच्या मोबाईलवर नुसता फोटो आला. त्याच्या गाडीला हार घातलेला होता आणि शेजारी दुसराच ड्रायव्हर उभा होता. ज्योतीरामनं मोबाईल पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चल, यंदा तू."

त्यानं माझ्या सगळ्या वायरी काढल्या, दोन्ही हातांनी मला उचलून गॅलरीत नेलं, ब्रशनं धूळ झाडली, कापसानं जाळी पुसली. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मग आणून जागेवर ठेवलं आणि माझ्या पाठीमागे हात घालून, न बघता, चाचपत एकेक वायर परत लावली. माझ्या पाठीवर मॉनिटरची वायर लावायला अगदी सारखी दोन भोकं आहेत. खालचं मोठ्या चित्रकाराचं, वरचं बारक्याचं. बोटांना आधी वरचं लागलं. वायर बसली, पडदा उजळला, मला कुंकू लागलं, हार पडला. आणि माझा मोठा चित्रकार रंग कालवून आत नुसता बसून राहिला. त्याचं चित्र बाहेर न्यायला वाटच उरली नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी ज्योतीराम खेळायला बसला तर ट्रक अडखळत, धापा टाकत चालला. बारका चित्रकार जिवाच्या आकांतानं डोंगर रंगवत होता, पण एक डोंगर होईस्तोवर दुसरा समोर यायचा. कुलदीपला बोलावणं गेलं. त्यानं आधी इंटरनेट तपासलं, त्याचा इथे काही संबंध नव्हता. मग जुन्या फायली पुसल्या. मला बंद करून चालू केलं. शेवटी म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय राव. चित्र जरा हलकं करू." त्यानं सेटिंग पार खाली आणलं. तळं गेलं, धुकं गेलं, बर्फाच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. मग त्यानं स्वतः सरळ रस्त्यावर ट्रक चालवून बघितला. सरळ रस्त्यावर काय, कुणीही चालवील.

"पळतंय बघ," असं म्हणून तो गेला.

ज्योतीराम घाटात शिरला. वळण आलं, त्यानं बटण दाबलं. ट्रक क्षणभर तसाच पुढे गेला आणि मग वळला. तोवर दरी आली होती. पुन्हा दाबलं, पुन्हा दरी. आता चित्र अडखळत नव्हतं, कुलदीपनं मशीन ठीक केलं होतं, मग उशीर कुणाचा? ज्योतीरामनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"ह्याला उचलायलाच नको होतं," तो पूनमला म्हणाला. "हातावर भार आला. बोटं परत मंद झालीत."

मित्रांनो, त्या दिवसाइतकं वाईट मला माळ्यावरही वाटलं नव्हतं. अरे बाबा, बोटं वेळेवरच पडतात, उशीर माझ्या बारक्या चित्रकाराचा होतोय, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड म्हणून एक पंखा आहे, आणि तो नुसता घुं घुं करतो. ज्योतीरामला वाटलं, मी जुनाट झालोय.

त्यानंतर तो माझ्यासमोर बसेना. चेंडूही कोपऱ्यात गेला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा म्हणाला, "पाडवा झाला की कंपनीत जातो अन् सांगतो, गेटचंच काम द्या. चारचौघांत गाडीवर बसून हसं कशाला करून घ्यायचं?"

पूनम चाकणला वायरींच्या कंपनीत कामाला जायची. दमून आली होती, आणि हे ऐकून चिडली. "बसायच्या आधीच उतरायलाव तुमी," ती म्हणाली. "एकदा बसून तर बघा." तो उठून गॅलरीत गेला. मला कुलदीपकडे परत पाठवायचं ठरलं.

त्या रविवारी सकाळी गारठा होता. आबाजी वर आले आणि सवयीनं माझ्या पाठीशी बसले.

"लाव रं तुजा ट्रक."

"बंद करायलोय आबाजी आता ते."

"मंग येकदा शेवटचं लाव."

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यानं खेळ लावला आणि ट्रक घाटाला लावून दिला. आबाजींनी तळवे जाळीपुढे धरले आणि कुरकुरले, "काय उपेग न्हाई. दसऱ्यापासनं हे खोकं गारच पडलंय. आदी कसं शेकून निगायचं."

ज्योतीरामनं मान वर केली. "गार हाय?"

"हात लावून बग की."

तो उठला, मागे आला आणि उजव्या हाताची बोटं माझ्या जाळीपुढे धरली. गाडी चढाला लागली की इंजिन तापतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "पूनम," तो म्हणाला, "ट्रक घाट चढायलाय अन् मशीन गार. म्हंजे आत कुणीतरी कामच करंना गेलंय."

पूनमनं मोबाईलचा टॉर्च लावला, माझ्या पाठीमागे डोकं घातलं. "अहो, इथं सारखीच दोन भोकं हायत की. वायर आधी कुठल्यात होती?"

"होती तिथंच लावली." मग वाकून ती भोकं बघत म्हणाला, "हाताला लागलं तिथं लावली."

पूनमनं वायर वरून काढून खाली लावली. पडदा काळा झाला. मग पडदा उजळला, ज्योतीरामनं सेटिंग पहिल्यासारखं केलं आणि माझा चित्रकार असा काही उठला की काय सांगू. तळं आलं, धुकं आलं, पुलावरचे दिवे लागले, आभाळातून बर्फ उतरायला लागला. ज्योतीराम बसला. वळण आलं, बोट पडलं आणि त्याच क्षणी ट्रक वळला. दुसरं वळण, तिसरं, जिथे तो कधीच पोचला नव्हता ते चौथं. त्यानं ट्रक कडेला उभा केला आणि हात मांडीवर उलटासुलटा करून बघितला.

"हात बरा हाय, पूनम," तो म्हणाला. पूनम टॉर्च बंद करायचं विसरून तशीच उभी होती, आणि रडत होती.

"मंग इतकं दिस आजारी कोन व्हतं?" आबाजींनी विचारलं.

"हे खोकं."

"आन् शिव्या हाताला," आबाजी म्हणाले आणि शेकत बसले.

दिवाळीनंतर ज्योतीराम कंपनीत गेला. संध्याकाळी आला तो चप्पल न काढताच पूनमला सांगायला लागला, थप्पी कशी उचलली, कशी फिरवली आणि पहिल्या खेपेला कशी ट्रकात ठेवली. सांगताना दोन्ही हात हवेत चालवत होता. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. आता त्याच्या शिफ्ट सुरू आहेत. दिवसभर खरी गाडी चालवून आलेला माणूस माझा ट्रक कशाला चालवील? मला चुकचुकल्यासारखं होतं, नाही असं नाही. पण तो असाच दमून येवो आणि माझ्यासमोर न बसो, असंच मला मनापासून वाटतं.

तेव्हा मित्रांनो, मला पुसाल तेव्हा कुठली वायर कुठे होती ते आधी बघून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी स्वतःचा हात बघत म्हणायला लागलं, की आता माझ्याच्यानं होत नाही, तर लगेच माना डोलवू नका. दिवा घ्या, वाका आणि आधी माझ्या पाठीमागे बघा.