आबांची जीभ

आमच्या घरात साबण आधी खातात आणि मग विकतात. पाहुणे हे ऐकून हसतात, पण यात थट्टा काही नाही. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. दोघांचं नीट जमलं तर साबण जिभेला नुसता बेचव लागतो. सोडा वरचढ झाला तर जीभ अशी चरचरते की माणूस जागच्या जागी उडतो. त्याला आम्ही कच्चा म्हणतो, आणि तो अंगाला लावला तर कातडी सोलवटते. म्हणून एका कढईतून जेवढा साबण निघतो, ज्याला आम्ही घाणा म्हणतो, त्याची एक चकती सकाळी जिभेला लावायची आणि "पक्का" असं ऐकल्याशिवाय एक वडीही कागदात गुंडाळायची नाही, असा माझ्या आजेसासूबाईंनी घालून दिलेला नियम आहे. त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका पातेल्यावर सुरुवात केली होती. आता दोन शेड आहेत, चार कढया आहेत, बारा माणसं कामाला आहेत. नियम तोच आहे.

आजेसासूबाईंच्या मागे हे चाखायचं काम माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे आलं. चाळीस वर्षांत त्यांनी एकही कच्चा घाणा उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. दुकानात येणारं गिऱ्हाईक नुसता साबण मागतच नाही, "आबांनी चाखलेला द्या" म्हणतं. प्रश्न होता तो त्यांच्यानंतरचा. आमच्या ह्यांना मिरचीची इतकी आवड की त्यांच्या जिभेला सोडा काय आणि साखर काय, सारखंच. आबा म्हणायचे, ही जीभ नाही, चपलेचा तळ आहे. लेक रसायनशास्त्र शिकून घरी आली ती रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांची डबी घेऊन. पट्टी ओल्या साबणाला लावली की कच्चा-पक्का कळतो म्हणाली. आबांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि हा कागद कधी आंघोळ करतो का, असं विचारलं. त्या दिवसापासून तिचं नाव कागदवाली पडलं. तीही त्यांचीच नात. तिने डबी टाकली नाही, खिशात ठेवली.

माझं काम चकती कापून ताटलीतून आबांपुढे नेण्याचं. लग्नाआधीपासून माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लावून जप होईपर्यंत बोलायचं नाही आणि अन्न तोंडात घालायचं नाही. साचे उघडतात सातला, जप आटपतो आठला. त्यामुळे मी ताटली घेऊन जाते ती मुक्यानेच. वडीलधाऱ्यांच्या हातात काही द्यायचं तर आधी आपण पाहून द्यावं, या सवयीने चकतीची कड स्वतःच्या जिभेला लावते आणि चूळ भरते. अनशापोटीची जीभ कोरी असते, तिला लगेच कळतं. याने नेम मोडतो का, असं एकदा ह्यांना विचारलं होतं. साबण खाण्यात धरणारा देव आपला असूच शकत नाही, असं हे म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी आबा मोठ्या तापातून उठले, तेव्हापासून एक नवल झालं होतं. त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवणं सोडून दिलं. एकदा चहात साखर घालायची राहून गेली, तरी "छान झालाय" म्हणत त्यांनी कप रिकामा केला. मला वाटलं, उशिरा का होईना, आपल्या हाताला चव आली.

यंदा लेकीने एक काम मिळवलं. मोठ्या रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विभागासाठी हजार वड्या हव्या होत्या, बिनवासाच्या, बिनरंगाच्या. आबा हरखून गेले. जन्मल्या जन्मल्या माणसाच्या अंगाला आपला साबण लागणार, याहून मोठं काय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. घाणा ह्यांनी स्वतः घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी येणार होती.

त्याच दिवशी मला सर्दीने गाठलं. साबणावर शिंका पडू नयेत म्हणून मी नाकातोंडावर कापड बांधलं, चकती कापली, कापड जरा वर करून कड जिभेला लावली. मधमाशी चावावी तशी जीभ चरचरली. चूळ भरली, कापड पुन्हा ओढून घेतलं आणि ताटली घेऊन निघाले. मनात धाकधूक नव्हती. आबा चाखतील, कच्चा म्हणतील, संपलं.

आबा शेडच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चकती जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग तोंड का बांधलंय म्हणून विचारलं. मी नाकाकडे बोट दाखवलं आणि एक शिंक दिली. त्यांनी चकती पुन्हा लावली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दुसरी मागवली. वड्या गुंडाळायला बसलेल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. ह्यांनी घड्याळाकडे बघत, गाडी निघाली असेल, असं हळूच सांगितलं. लेकीचा हात खिशातल्या डबीवर गेला आणि तिथेच राहिला.

"पक्का," आबा म्हणाले. पण चाळीस वर्षांचा तो ठसका त्यात नव्हता. विचारल्यासारखा शब्द होता.

बायकांनी कागद पुढे ओढले. पहिली वडी गुंडाळली गेली, दुसरी गेली. माझ्या डोळ्यांपुढे आली ती इतकीशी बाळं, पाकळीसारखी कातडी. आणि समोर आबा. बारा माणसांदेखत सुनेने त्यांचा शब्द खोडायचा, तोही अशा वेळी, जेव्हा ती तोंडच उघडत नाही. देवाला मनात म्हटलं, आज एवढं सांभाळून घे. कापड खाली ओढलं.

"आबा, कच्चा आहे."

माझा सकाळचा आवाज बावीस वर्षांत त्या शेडने ऐकला नव्हता. हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू कढईच बोलली. मी मान खाली घातली. आता आबा उठून जातील, महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत, असं वाटत होतं.

आबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी.

"सुटलो गं बाई," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली, मला ना चव कळते, ना चरचर. तापाबरोबर गेली ती गेलीच."

"मग इतके दिवस चाखत होतात ते?" ह्यांनी विचारलं.

"चाखत कुठे होतो, वाचत होतो. सूनबाई बोलत नाही, पण तोंड सगळं सांगतं. हिच्या ओठाचा डावा कोपरा दुमडला की कच्चा, सरळ राहिला की पक्का. आज कापड बांधून आलीस आणि माझं दुकानच बंद केलंस."

मी नकळत ओठाला हात लावला. मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मग चहाचा तो कप आठवला, आणि माझ्या हाताची आलेली चव जागच्या जागी उतरली. मीही हसले. बायका तर पदरात तोंड घालून हसत होत्या.

लेकीने तेवढ्यात चकती ओली करून पट्टी लावलीच होती. ती गडद जांभळी झाली. "कागदवाली सूनबाईच्या बाजूची आहे," आबा म्हणाले. दाराआड तेलाचा एक भरलेला डबा निघाला. तो कढईत जायचा राहिला होता, कारण डबे ओतताना हे फोनवर भाच्याला लग्नासाठी मुलगी कशी बघावी ते समजावून सांगत होते. आबांनी त्यांना तो डबा दिवसभर शेजारी घेऊन बसायला लावलं.

रुग्णालयाच्या भांडारातल्या बाईंना लेकीनेच फोन केला आणि लपवाछपवी न करता सांगितलं, की आईने चाखला, कच्चा निघाला, तेल घालून पुन्हा शिजवतोय, परवा देतो. त्या बाईंनी विचारलं, चाखला म्हणजे तोंडाने का? परवा चालेल म्हणाल्या, पण गाडी घेऊन सकाळी सातलाच आपण स्वतः येणार, हे बघायचंच आहे.

ठरल्या दिवशी सातला मी ताटली घेऊन निघाले, तर लेक वाटेत उभी. दात घासलेले, पोट रिकामं, डबी खिशात. तिने हात पुढे केला. मी चकतीची कड आधी माझ्या जिभेला लावली. पक्का होता. पण तिला कळू नये म्हणून ओठ घट्ट मिटून धरले आणि ताटली तिच्या हातात दिली. मग गंमत म्हणून पहिल्या घाण्यातला जपून ठेवलेला कच्चा तुकडाही शेजारी ठेवला.

तिने दोन्ही लावून पाहिले. एकाला काही नाही. दुसऱ्याला टुणकन उडाली आणि चूळ भरायला पळाली. भांडारातल्या बाई टाळ्या वाजवत होत्या.

आबा मात्र खुर्चीत पुढे झुकून नातीच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"हिच्या नाकपुड्या फुगतात," ते समाधानाने म्हणाले आणि मागे टेकले. "गुंडाळा. पक्का आहे."