फिनलंडची सावड

तापीकाठच्या त्या गावात चैत्र तापला की पापडांची सावड सुरू होते. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून यायचं, दिवसभर लाटायचं, मधूनमधून कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढायची. निघताना घरवालीने प्रत्येकीच्या हातात पापड द्यायचे, रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही. आणि जिच्या घरी तुम्ही लाटलं ती तुमच्याकडे येणारच, त्याला आमंत्रण लागत नाही. कामिनी या गावची सून, पण माहेरही पलीकडच्याच काठाचं. त्यामुळे ही रीत तिच्या अंगात मुरलेली. पुढचा सगळा घोळ झाला तो त्यामुळेच, आणि झाला ते फार बरं झालं.

कामिनी माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप बनवत होती आणि आता त्या ॲपच्या माहितीची एक वेबसाइट हवी होती. तेवढ्यात फतवा निघाला: जूनपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. सूट फक्त एकाला. ही वेबसाइट कशात बांधायची याची दोघांनी तुलना करायची, आणि ज्याची निवड पसंत पडेल तो त्या कामाचा प्रमुख. प्रमुखाने कुठूनही काम करावं.

दोघांपैकी एक कामिनी. दुसरा पुण्याचाच मिथुन, ज्याला घरून काम करायची हौस होती ती निव्वळ दुपारच्या झोपेसाठी.

कामिनीला पुण्याला जायचं नव्हतं. नवऱ्याच्या, हेमकांतच्या, केळीच्या बागा काही उचलून कोथरूडला नेता येत नव्हत्या, आणि लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिला आपली माडी हवी होती, खिडकीतून दिसणारी तापी हवी होती आणि संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन जिना चढणारा नवरा हवा होता. यात लाजायचं काय?

आता ही तुलना कसली, तेही सांगून टाकतो. काही वेबसाइटी पाहुणा दारात आला की पीठ मळायला घेतात. स्टॅटिक साइट जनरेटर नावाचं सॉफ्टवेअर पापडासारखं काम करतं: साध्या मजकुराच्या फायली त्यात घालायच्या, सगळी पानं एकदाच करून डब्यात भरून ठेवायची, पाहुणा आला की लगेच पानात. असे जनरेटर पुष्कळ, फुकट आणि सगळ्यांना खुले. त्यांच्यासोबत टेम्प्लेट मिळतात, म्हणजे मांडणी आधीच करून दिलेली, आपण फक्त मजकूर ओतायचा.

मिथुनने निवडलेलं टेम्प्लेट लग्नातल्या घोड्यासारखं नटलेलं होतं. त्यात सगळं होतं, अगदी कुणी न मागितलेलंसुद्धा. कामिनीने निवडलेलं साधं, हलकं. फिनलंडमधल्या एरो नावाच्या माणसाने ते हौसेने केलेलं. गावाकडच्या रडक्या नेटवर्कवरही ते चटकन उघडायचं. कामिनी दोन वर्षांपासून त्यात फावल्या वेळात हातभार लावत आली होती. कुणाच्या चुका दुरुस्त कर, कुणाला अडलेलं समजावून सांग.

पण त्यात एक खोट होती. एकदा उघडलेलं पान नेटवर्क गेल्यावर पुन्हा उघडत नसे. आणि कंपनीचा माणूस दलसिंग शेतकऱ्यांना ॲप समजावायला रोज शहाद्याहून तोरणमाळच्या डोंगरावर चढायचा. घाट लागला की फोनला रेंज म्हणून नाही. मिथुनच्या टेम्प्लेटमध्ये ती सोय होती. कामिनीने स्वतः करून पाहिली तेव्हा एक जोडताना दुसरं मोडलं. सोमवारी निकाल, आज शनिवार. आणि आज पापड तिच्याच घरी.

सकाळीच अंगण बायकांनी भरलं. कामिनी जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सासूबाई रंजनाबाई पिठाचा गोळा कुटता कुटता थांबल्या.

"काय व्हयनं वं? तोंड पाडी काब्रं बठनी?"

"काम अडकनं शे, आई. मन्हा एकलीघाई व्हवाव नही."

"मंग ज्यास्नं काम तू करस त्यास्ले बलाव ना. माडीवर बठी बठी परक्यास्नं काम करस, तूच सांगेल शे माले."

"दोन वरीस पासून करस."

"तू त्यास्ना घर लाटा ले जास, आनि त्या तुन्हा घर येवाव नहीत?" रंजनाबाईंनी मुसळ आपटलं. "कसन्या बाया शेतस त्या!"

अंगणातल्या सगळ्याजणी एका सुरात त्या अज्ञात बायांना नावं ठेवू लागल्या. कामिनीलाही ते पटलं, इतकं पटलं की तिथल्या तिथे तिने एरोच्या प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर लिहून टाकलं: आमच्याकडे पापडांची अशी अशी रीत आहे. मी तुमच्या घरी दोन वर्षं लाटलं. आज पापड माझ्या घरी आहेत. आपापलं लाटणं घेऊन या. खाली तिने आपली अडचण मांडली, पाठवून दिलं आणि पोळपाटाशी जाऊन बसली.

चारदोन पापड लाटून होत नाहीत तोच तिला दरदरून घाम फुटला. हे काय करून बसलो आपण! खुल्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत कुणी कुणाचं देणं लागत नाही. जो तो मर्जीने करतो, फुकट मिळालेल्या वस्तूवर हक्क सांगणं म्हणजे तिथे निव्वळ असभ्यपणा. आणि आपण थेट आवतण धाडलं, तेही टोमणा मारून! लिहिलेलं पुसावं म्हणून ती उठू लागली, तर हात तेलापिठाने माखलेले आणि शेजारच्या कौसाबाईंनी तिच्यापुढे लाट्यांची नवी रास ओतली.

"कथी चालनी? बस खाले!"

ती बसली. दिवसभर लाटत राहिली. तिचे पापड त्या दिवशी इतके पातळ झाले की बायका उचलून उन्हाकडे धरून बघत होत्या.

ऊन कलल्यावर हात धुऊन तिने लॅपटॉप उघडला, तोही एक डोळा मिटून. चर्चेच्या पानावर ही गर्दी! सगळ्यात वर एरो होता. 'पापड म्हणजे काय ते मला माहीत नाही,' त्याने लिहिलं होतं, 'पण मी आलो आहे.' ही सोय करायची तो वर्षभर टाळत होता, म्हणे कुणी बोलावलंच नाही. खाली ब्राझीलच्या पावलोने अर्धं काम करूनही टाकलं होतं. नेपाळच्या सुस्मिताने लिहिलं होतं, पापड आमच्याकडेही लाटतात, मला शिकवू नका, काम सांगा.

कामिनी जिन्यातच बसून मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी चौघांनी मिळून काम केलं. एक थकला की दुसऱ्या देशात उजाडलेलं असे. रात्रीपर्यंत नेटवर्क गेल्यावरही पान उघडू लागलं.

सोमवारी बैठकीत पुण्याहून वरिष्ठ रुचिकामॅडम होत्या, मिथुन होता. दोन्ही वेबसाइटी दलसिंगच्या फोनवर पाठवल्या होत्या. शहाद्याला जीप भरेपर्यंत त्याने दोन्ही उघडायच्या, घाटात रेंज गेली की पुन्हा उघडून बघायच्या आणि खाली आल्यावर सांगायचं. त्याचा फोन आला तो मॅडमनी स्पीकरवर लावला.

"मॅडम, मिथुनसाहेबांची वेबसाइट लई भारी," दलसिंग म्हणाला. "पण ती पुरती उघडायच्या आतच जीप भरली अन् सुटली. वर गेल्यावर अर्धंच पान दिसत होतं. कामिनीताईंची जीप भरायच्या आधीच उघडली होती. वर तळ्यापाशी बसून पुरी वाचली."

रुचिकामॅडम हसल्या. "मग ठरलं. कामिनी, प्रमुख तू. आणि तुझं ऑफिस तुझ्या माडीवर."

ती जिन्यावरून धावत खाली आली आणि अंगणातच रंजनाबाईंच्या गळ्यात पडली. हेमकांत नुकताच शेतातून येत होता. काय झालं ते कळताच तो चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात गेला आणि गूळ घेऊन आला. त्याला त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

रंजनाबाई मात्र वाळलेल्या पापडांच्या पुड्या बांधत होत्या.

"कितल्या जनी उन्यात तुन्हा घर?"

"तीन. पन आई, सगळ्या बाया नहीत. त्यास्मा एक तं दाढीवाला शे, फिनलंडना."

"लाटं ना त्यानी?"

"लाटं."

"मंग त्याले बी पापड." त्यांनी आणखी एक पुडी घट्ट बांधली. मग विचारलं, "आते त्यास्ना घर कव्हय जानं शे?"

कामिनीच्या हातातला फोन तेवढ्यात वाजला. सुस्मिता. तिच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट काही केल्या उभी राहत नव्हती.

"आतेच," असं म्हणून कामिनी लगेच जिन्याकडे वळली.

"थांब वं!" रंजनाबाईंनी ताट पुढे सरकवलं. "जेवी ले पहिले. लाटा ले उपाशीपोटी जातस नही."