स्पृहाचा घसा

स्पृहाचा आवाज बसला त्याला तीन आठवडे झाले होते आणि जर्मनची तोंडी परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. ती परीक्षा पास व्हायचं, जर्मनीला जाऊन नर्सिंग शिकायचं आणि कर्वेनगरच्या या फ्लॅटमधून एकदाचं सुटायचं, हा एकच बेत तिने दोन वर्षं उराशी धरला होता. लेखी परीक्षेत तिने छान मार्क मिळवले होते. तोंडीला मात्र तोंडातून आवाज निघायला हवा.

आईबाबा दोघंही तिच्याबरोबर दवाखान्यात आले, दोन वेगळ्या गाड्यांवरून. "गाठ नाही, सूज नाही," घसा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताणाने स्नायू आवळले गेलेत. घरी काही चाललंय का?"

"छे हो," आई म्हणाली.

"छे," बाबा म्हणाले. सहा वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावर, तेही डॉक्टरीणबाईंकडे बघून.

"मग आठ दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्त दुखावतो."

हेमा आणि सलिल, म्हणजे तिचे आईबाबा, भांडत मात्र नसत. स्पृहा तेरा वर्षांची असताना काय ते शेवटचं कडाक्याचं भांडले. मग पोरीवर परिणाम नको म्हणून घटस्फोट घेतला नाही, नुसतं बोलणं टाकलं. नातेवाइकांत या समजूतदारपणाचं केवढं कौतुक! बोलायचं काम आपसूक मुलीकडे आलं. "बाबांना विचार, जेवायला आहेत का." "आईला सांग, गॅसवाला येऊन गेला." बाबा तीन फुटांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू जाई, पण स्पृहाने तेच पुन्हा म्हटल्याशिवाय ते पेपरातून मान वर काढत नसत. टोमणे असले तर ते जरा मवाळ करून पोचवायचे, हेही तिच्याच गळ्यात. एकोणीस वर्षांच्या मुलीला ॲसिडिटी होती, झोप नव्हती, आणि आता आवाजही गेला होता. पोर अगदी थकून गेली होती.

मौनाच्या पहिल्याच दिवशी आईने तिच्या हातात पांढरा बोर्ड आणि मार्कर ठेवला. स्पृहाला भरून आलं. आईला कळलंय, असं वाटलं तिला.

"लिही," आई म्हणाली. "बाबांना म्हणावं, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे."

चार दिवस ती बोर्ड घेऊन हॉल ते किचन, किचन ते हॉल अशी फिरत राहिली. पाचव्या दिवशी मार्कर संपला. "अगं, हळूच कानात सांगितलंस तर काय बिघडतं?" बाबा म्हणाले. तिला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. ती कुजबुजली, आणि संध्याकाळपर्यंत घशाची पार आग झाली. आता परीक्षा हातची जाणार, या भीतीने ती बाथरूमचा नळ सोडून रडली.

आठव्या दिवशी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर जर्मन शब्द मनातल्या मनात पाठ करत बसली होती. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"आईला सांग, दूध वर येतंय," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

स्पृहा हलली नाही. आईनेही ऐकलं, पण निरोप पोचला नव्हता ना! दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला. तेव्हा कुठे दोघं किचनच्या दाराशी आली आणि शेगडीकडे न बघता तिच्याकडे बघू लागली.

"तुला सांगितलं होतं ना?" बाबा म्हणाले.

स्पृहाने उठून गॅस बंद केला.

"मी आता कुणाचं काही पोचवणार नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी एकत्र राहू नका. घटस्फोट घ्या."

आवाज खणखणीत आला होता. तिची तीच दचकली. बाबांनी मान खाली घातली. आईचे डोळे भरून आले. आता तरी दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे बघेल म्हणून स्पृहा श्वास रोखून उभी राहिली.

आईने ओढणीने डोळे पुसले.

"आला की गं आवाज," ती म्हणाली. "विचार आता बाबांना, त्यांचं काय म्हणणं आहे."